एक्स्चेंजचा डेटाबेस माउंट होत नाही तेव्हा: मेलबॉक्स परत मिळवण्याची वाट

डेटाबेस माउंट होत नाही, म्हणजे सर्व्हरला तो वापरासाठी उघडता येत नाही, म्हणून घाईघाईने शोधाशोध केलीत, की पाच मिनिटांत डेटाबेस जबरदस्तीने दुरुस्त करणारी एक आज्ञा हाती लागते: ईएसई-युटिल /पी. ती चालते. बहुतेक वेळा डेटाबेस माउंटही होतो. कोणाचे किती मेल कायमचे गेले हे मात्र पुढे कधीतरी, कोणी जुनी ऑर्डर शोधायला लागलं की कळतं. म्हणून हा लेख संपेपर्यंत तरी ती चालवू नका. तिची पाळी येते, पण सगळ्यात शेवटी, आणि तीही प्रतीवर.

ज्यांच्या गळ्यात नुकताच मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर पडला आहे, अशांसाठी हे लिहितोय. पायऱ्या २०१३, २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशन या आवृत्त्यांना लागू आहेत. (२०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण कितीतरी ऑफिसांत ते अजून चालूच आहेत.) आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. रेघा आणि डॅश जिथल्या तिथे.

आधी कीर्द आणि खतावणी

दुकानातल्या मुनीमजींची पद्धत माहीत असेल तर एक्स्चेंज अर्धं समजलंच. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरतो. सवड मिळाली की तिथून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. एक्स्चेंजमध्ये .ईडीबी, म्हणजे डेटाबेसची मुख्य फाइल, ही खतावणी, आणि लॉग फाइली ही कीर्द. आलेला मेल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, नंतर ईडीबीत. एक्स्चेंज २००७ पासून प्रत्येक लॉग १ एमबीचा असतो, म्हणून त्या फोल्डरमध्ये हजारोंनी फाइली दिसतात. शेजारी एक छोटी .सीएचके फाइल असते, ती म्हणजे खुणेची दोरी: कीर्दीतलं कुठपर्यंत खतावणीत उतरलं आहे, ते ती सांगते.

वीज गेली, डिस्क भरली किंवा सर्व्हर अडकून रीस्टार्ट झाला, तर कीर्दीतले काही व्यवहार खतावणीत उतरायचे राहतात. या अवस्थेला 'डर्टी शटडाउन' म्हणतात. नाव भयंकर आहे, पण एवढ्याने काहीच हरवलेलं नसतं. कीर्द शाबूत असेल तर राहिलेलं उतरवून घेता येतं. नव्या माणसाची चूक नेमकी इथे होते. डर्टी शटडाउन हे शब्द दिसले की तो डेटाबेस 'करप्ट' समजून दुरुस्तीला धावतो. खरी करप्शन वेगळी: खतावणीचं पानच फाटलेलं किंवा शाई पसरलेली. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं काम: प्रत

डेटाबेस डिसमाउंटेड असल्याची खात्री करा. मग ईडीबी, सगळे लॉग आणि सीएचके फाइल, तिन्ही दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको. तो ड्राइव्ह त्याच रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) असू शकतो आणि दोष त्या कंट्रोलरचाच असू शकतो. ४०० जीबीचा ईडीबी कॉपी व्हायला तास लागतात आणि तेवढा वेळ साहेब दारात उभे असतात. उभे राहू द्या. मूळ फाइल एकच असताना तिच्यावर प्रयोग करणं म्हणजे परतीचा दोर कापून टाकणं.

कॉपी मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं काही म्हणून थांबली, तर रोग डिस्कमध्ये आहे. आता आधी स्टोरेजवाल्याला बोलवा.

आणि लॉग फाइली हाताने डिलीट करू नका. हे वाक्य मी कटू अनुभवातून लिहितोय. एका कारखान्यात मला बोलावलं होतं. तिथे बॅकअप महिनाभर फेल होत होता, त्यामुळे लॉग साफ होत नव्हते. ड्राइव्ह भरला, डेटाबेस आपोआप डिसमाउंट झाला. तिथल्या माणसाने जागा करण्यासाठी सगळे लॉग उडवले, रिसायकल बिनसकट. जे प्रकरण ड्राइव्ह मोठा करून अर्ध्या तासात मिटलं असतं, त्याला चार दिवस लागले आणि तरीही सगळं परत आलं नाही. ड्राइव्ह भरलाच असेल तर लॉग उडवायचे नाहीत, दुसरीकडे हलवायचे.

निदान: हेडर वाचा

प्रतीवर ही आज्ञा द्या: ईएसई-युटिल /एमएच, पुढे ईडीबीचा पूर्ण पत्ता. ही फाइलच्या माथ्यावरची नोंद, म्हणजे हेडर, फक्त वाचते, काही बदलत नाही. बरीच माहिती बाहेर पडते. त्यातल्या चार ओळी कागदावर उतरवून घ्या.

'स्टेट' या ओळीत क्लीन शटडाउन किंवा डर्टी शटडाउन दिसेल. क्लीन असूनही माउंट होत नसेल, तर दोष बहुधा डेटाबेसमध्ये नाही. परवानग्या, पत्ता, अँटिव्हायरस किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (नेटवर्कवरच्या खात्यांची मध्यवर्ती नोंद) तपासा. अँटिव्हायरसने एखादी लॉग फाइल क्वारंटाइनमध्ये टाकल्याची प्रकरणं मी दोनदा पाहिली आहेत. एक्स्चेंजचे फोल्डर स्कॅनमधून वगळायचे असतात, हे कोणीतरी विसरलेलं असतं.

'लॉग रिक्वायर्ड' ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. समजा तिथे १०४५-१०५२ असं आहे. म्हणजे खतावणी पुरी करायला कीर्दीची ही आठ पानं हवीतच. कंसात याच आकड्यांची हेक्स (दहाऐवजी सोळाच्या पायावरची) रूपं असतात, ४१५ ते ४१सी, आणि फाइलींची नावं हेक्समध्येच असतात. तेव्हा तुम्हाला ई०००००००४१५.लॉगपासून पुढच्या फाइली शोधायच्या आहेत. नवा माणूस १०४५ नावाची फाइल शोधतो, ती सापडत नाही, आणि 'लॉग गेले' असं जाहीर करून मोकळा होतो. दुसरी गंमत अशी की यादीतला शेवटचा लॉग बहुतेकदा नंबरशिवाय, नुसता ई००.लॉग म्हणून बसलेला असतो, कारण तो अजून भरून बंद झालेला नसतो. सर्व्हरवर अनेक डेटाबेस असतील तर कोणाचे लॉग ई००, कोणाचे ई०१, कोणाचे ई०२ ने सुरू होतात. सरमिसळ करू नका.

'रिपेअर काउंट' शून्याहून जास्त असेल तर तुमच्या आधी कोणीतरी /पी चालवलेलं आहे. विचारलंत तर कोणी कबूल करत नाही, पण हेडर खोटं बोलत नाही. आणि 'प्रीव्हियस फुल बॅकअप' ही ओळ शेवटचा पूर्ण बॅकअप कधीचा ते सांगते. बॅकअप सॉफ्टवेअरच्या हिरव्या टिकेपेक्षा माझा या ओळीवर जास्त विश्वास आहे.

मग लॉग तपासा. लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन ईएसई-युटिल /एमएल ई०० अशी आज्ञा द्या. साखळीतला एखादा लॉग खराब किंवा गायब असेल तर ती नेमका तोच दाखवते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्येही डोकावा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये ईएसई या नावाने आलेल्या नोंदी पाहा. उणे १०१८ म्हणजे पानाची चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही. एक्स्चेंजने लिहिलं एक आणि डिस्कने परत दिलं भलतंच. उणे १०१९ म्हणजे जिथे भरलेलं पान हवं तिथे कोरं मिळालं. उणे १०२२ म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिताच आलं नाही. या तिन्हींत संशयाची सुई स्टोरेजकडे जाते: डिस्क, कंट्रोलर, त्याचं फर्मवेअर, केबल. ते न बदलता त्याच डिस्कवर डेटाबेस परत उभा केलात तर पुन्हा याच पानावर याल. उणे ५२८ म्हणजे हवा असलेला लॉग सापडत नाही, उणे ५०१ म्हणजे लॉगच खराब आहे, आणि उणे ५५० म्हणजे फक्त डर्टी शटडाउन.

तुमच्याकडे डॅग असेल, म्हणजे त्याच डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर जिवंत प्रत असेल, तर इथेच थांबा. ती प्रत चालू करा आणि खराब प्रत अपडेट-मेलबॉक्सडेटाबेसकॉपी वापरून नव्याने भरून घ्या. डॅगमध्ये एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे लॉग जातात, पानं नाहीत. त्यामुळे एका डिस्कवरचं फाटकं पान सहसा दुसरीकडे पोचत नाही. या लेखाचा पुढचा भाग ज्यांच्याकडे एकच सर्व्हर आहे त्यांच्यासाठी.

लोकांना मेल सुरू करून द्या, जुने नंतर

ऑफिसला दोन गोष्टी हव्या असतात: आत्ता मेल पाठवता यावेत, आणि जुने मेल परत मिळावेत. पहिली अर्ध्या तासात देता येते, दुसरीला दिवस लागू शकतात. दोन्ही एकत्र द्यायच्या हट्टाने लोक रात्रभर जागतात आणि चुका करतात. वेगळ्या करा. या पद्धतीला 'डायल टोन रिकव्हरी' म्हणतात. फोन उचलल्यावर निदान टोन तरी ऐकू यावा, तसं.

सोपी रीत अशी. ईडीबी, लॉग आणि सीएचके मूळ जागेवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. तुमची प्रत वेगळी आहेच. आता तोच डेटाबेस माउंट करा. फाइली सापडत नाहीत, रिकामा डेटाबेस बनवू का, असं एक्स्चेंज विचारेल. हो म्हणा. सगळ्यांचे मेलबॉक्स रिकामे उघडतील, पण मेल येतील-जातील.

हे करण्याआधी सगळ्यांना कळवा, नाहीतर रिकामा इनबॉक्स पाहून धाबं दणाणतं. निरोपात तीन गोष्टी हव्यात. एक, जुने मेल परत आणण्याचं काम चालू आहे. दोन, रूल, सुट्टीचं ऑटो-रिप्लाय आणि दुसऱ्याला दिलेली फोल्डरची परवानगी सध्या चालणार नाही, कारण हे सगळं मेलबॉक्समध्येच साठवलेलं असतं. तीन, आणि हे ठळक अक्षरांत: आउटलुकचं प्रोफाइल कोणीही डिलीट करू नये. कॅश्ड मोडमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर ओएसटी फाइल असते, तिच्यात जुन्या मेलची प्रत असते. आउटलुक विचारतं की तात्पुरता मेलबॉक्स वापरू की जुना डेटा, दोन्ही चालेल. पण प्रोफाइल उडवून नवं केलं की त्या ओएसटीचा धागा तुटतो. सगळं हातचं गेलं तर ती ओएसटीच शेवटचा आधार असते. आउटलुकमधला, किती महिन्यांचे मेल मशीनवर ठेवायचे ते ठरवणारा स्लायडर १२ महिन्यांवर असेल तर तिच्यात एवढेच महिने असतात, हेही लक्षात ठेवा.

राहिलेलं उतरवून घेणं: सॉफ्ट रिकव्हरी

हवे ते सगळे लॉग हाती असतील तर प्रतीवर ईएसई-युटिल /आर ई०० चालवा. /एल नंतर लॉगचा फोल्डर आणि /डी नंतर ईडीबीचा फोल्डर द्या. मुनीमजी कीर्द उघडून खतावणी पुरी करतात. संपल्यावर पुन्हा /एमएच. स्टेट क्लीन शटडाउन झालं की अवघड भाग संपला. वीज जाऊन बंद पडलेले डेटाबेस माझ्या पाहण्यात तरी बहुतेक इथेच सुटले आहेत.

लॉग रिक्वायर्डमधले सगळे आहेत, पण त्यापुढचा शेवटचा लॉग गेला आहे, अशीही स्थिती येते. तेव्हा याच आज्ञेला /ए जोडता येतो. त्याने शेवटचे काही मेल जातात, बाकीचं वाचतं. हिशेबाने परवडणारा सौदा आहे.

रिक्वायर्डमधलाच लॉग नसेल किंवा पानंच फाटली असतील, तर बॅकअपकडे वळा. शेवटचा चांगला ईडीबी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, मूळ जागेवर नाही. बॅकअपपासून पुढचे सगळे लॉग सलग हाती असतील तर तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवून /आर चालवा. रविवारचा बॅकअप आणि बुधवारपर्यंतचे लॉग मिळून बुधवारपर्यंतचे मेल परत येतात. साखळीत एक जरी कडी तुटली तर तिथपर्यंतच पोचता येतं. डेटाबेसवर सर्क्युलर लॉगिंग चालू असेल तर कीर्दीची जुनी पानं आधीच पुसली गेलेली असतात. मग बॅकअपच्या वेळेपर्यंतचंच हाती येतं.

रिकव्हरी डेटाबेसमधून मेलबॉक्स बाहेर काढणं

क्लीन झालेला ईडीबी आता 'रिकव्हरी डेटाबेस' म्हणून जोडायचा. सगळे त्याला आरडीबी म्हणतात. हा खास प्रकारचा डेटाबेस: त्यात मेल येत नाहीत, आउटलुक त्याला जोडलं जात नाही, फक्त तुम्ही त्यातून माल उचलू शकता. एका सर्व्हरवर एका वेळी एकच आरडीबी माउंट होतो.

न्यू-मेलबॉक्सडेटाबेस या आज्ञेला -रिकव्हरी जोडून आरडीबी बनवा, आणि ईडीबीचा व लॉगचा पत्ता आत्ताच क्लीन केलेल्या फाइलींचा द्या. डेटाबेस बनवल्यावर इन्फर्मेशन स्टोअर सर्व्हिस रीस्टार्ट करायची सूचना येते. तिने काही मिनिटं सगळेच डेटाबेस खाली जातात, म्हणून जेवणाची सुट्टी गाठा. मग माउंट-डेटाबेस.

आत काय आहे ते पाहायला गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्स, -डेटाबेस आणि आरडीबीचं नाव. प्रत्येक मेलबॉक्सचं नाव, मेलबॉक्स जीयूआयडी (प्रत्येकाची वेगळी ओळख-संख्या) आणि आयटमची संख्या ही यादी फाइलमध्ये साठवून ठेवा. शेवटी ताळा करायला हीच लागते.

एक मेलबॉक्स आणायचा तर न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट. तिला -सोर्सडेटाबेसमध्ये आरडीबी, -सोर्सस्टोअरमेलबॉक्समध्ये ती जीयूआयडी आणि -टार्गेटमेलबॉक्समध्ये चालू मेलबॉक्स द्या. नावाऐवजी जीयूआयडी द्यायचं कारण सोपं: आपल्याकडे एका ऑफिसात दोन संदीप पाटील सहज असतात. लक्ष्य वेगळ्या नावाचं खातं असेल तर -अलाउलीगसीडीएनमिसमॅच लागतं. -टार्गेटरूटफोल्डर दिलात तर सगळं एका वेगळ्या फोल्डरखाली येतं. पहिल्या चाचणीला ते सोयीचं पडतं. चाचणी स्वतःच्या मेलबॉक्सवर करा, एमडींच्या नाही.

काही आयटम खराब निघाले तर रिक्वेस्ट फेल होते. -बॅडआयटमलिमिटने किती खराब आयटम सोडून पुढे जायचं ते सांगता येतं; आकडा ५० च्या वर गेला तर -ॲक्सेप्टलार्जडेटालॉसही लिहावं लागतं. नावच पुरेसं सूचक आहे.

लोक पंधरा-वीस असतील तर असंच एकेक जुनं गाठोडं नव्या मेलबॉक्समध्ये ओतून मोकळे व्हा. पण दोनशे मेलबॉक्स आणि काही शे जीबी असतील, तर उलटं करा. विचार करा: डायल टोन डेटाबेसमध्ये दोन दिवसांचे मेल आहेत, आरडीबीत दहा वर्षांचे. दहा वर्षं उचलून दोन दिवसांत का ओतायची? रात्री दोन्ही डिसमाउंट करा, दोन्ही क्लीन शटडाउन आहेत याची /एमएचने खात्री करा, आणि ईडीबी फाइलींची अदलाबदल करा. नावं एकमेकांची द्या, जुने लॉग बाजूला काढा. सेट-मेलबॉक्सडेटाबेसने दोन्हींवर -अलाउफाइलरिस्टोअर ट्रू करा आणि माउंट करा. आता चालू डेटाबेसमध्ये जुने मेल, रूल, परवानग्या सगळं जसंच्या तसं आहे, आणि आरडीबीत फक्त दोन दिवसांचे मेल. ते रिस्टोअर रिक्वेस्टने आणायला फारसा वेळ लागत नाही. जुन्या ओएसटीही पुन्हा जुळतात.

आणि आता /पी

बॅकअप नाही, लॉग नाहीत, डॅग नाही. तेव्हाच, प्रतीवरच. ईएसई-युटिल /पी वाचता न येणारी पानं खतावणीतून फाडून टाकते आणि उरलेली शिवते. फाडलेल्या पानावर एखाद्याची अटॅचमेंट असेल, किंवा एखाद्या टेबलाचं मूळ असेल. तिला फरक पडत नाही. एकदा ती चालली की जुने लॉग त्या फाइलला पुन्हा लावता येत नाहीत, म्हणून आधीच्या सगळ्या वाटा खरंच बंद झाल्या आहेत ना, ते दोनदा तपासा. वेळही भरपूर लागतो. आज्ञा मध्येच अडकल्यासारखी वाटते, पण ती बंद करू नका.

त्यानंतर ईएसई-युटिल /डी. ही आतली माहिती नव्या फाइलमध्ये उतरवते, आणि तिला डेटाबेसच्या ११० टक्के मोकळी जागा लागते. मग हा डेटाबेस आरडीबी म्हणून जोडा आणि वरच्याच रीतीने मेलबॉक्स बाहेर काढा. त्याला पुन्हा चालू डेटाबेस म्हणून कामाला लावू नका. रिपेअर काउंट शून्याहून जास्त असलेल्या डेटाबेसमधून मेलबॉक्स बाहेर काढून घ्या, असं मायक्रोसॉफ्टचंही २०१५ पासूनचं धोरण आहे. नाइलाजाने माउंट करून वापरलाच, तर न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्टने आतली विसंगती दुरुस्त करा आणि न्यू-मूव्हरिक्वेस्टने एकेक मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवा.

/पी नेही दाद दिली नाही तर ईडीबीतून थेट पीएसटी (आउटलुकमध्ये उघडणारी मेलची फाइल) काढणारी बाजारातली सॉफ्टवेअरं आहेत. बहुतेकांची डेमो आवृत्ती आत काय सापडलं त्याची यादी दाखवते. ती यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका, आणि /पी चालवण्याआधीची प्रत त्या सॉफ्टवेअरला द्या, नंतरची नाही.

आवरासावर

सगळ्या रिक्वेस्ट पुऱ्या झाल्या का ते गेट-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट दाखवते. आधी साठवलेली आयटमची यादी आताच्या आकड्यांशी ताडून पाहा. आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही, पण कोणाचे चाळीस हजारांचे चार हजार झाले असतील तर लगेच दिसतं. त्याच रात्री पूर्ण बॅकअप घ्या आणि दुसऱ्या दिवशी बॅकअपची तारीख एक्स्चेंजलाच विचारा: गेट-मेलबॉक्सडेटाबेसला -स्टेटस जोडलं की लास्टफुलबॅकअप दिसतं. मग पुऱ्या झालेल्या रिक्वेस्ट काढून टाका, आरडीबी डिसमाउंट करून रिमूव्ह-मेलबॉक्सडेटाबेस द्या. याने फक्त नोंद जाते, फाइली डिस्कवर तशाच राहतात.

त्या फाइली आणि अगदी पहिल्या दिवशीची ती प्रत निदान दोन महिने जपा. बाळंतपणाच्या किंवा लांबच्या रजेवरून कोणीतरी परत येतं, एक फोल्डर सापडत नाही म्हणून सांगतं, आणि आरडीबी पुन्हा जोडावा लागतो.